धूरपट्टीचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वह्या पुजतात. जुनी वही मिटवायची, तिच्यातली येणी-देणी नव्या वहीत ओढायची आणि मगच नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढायचे, असा व्यापाऱ्यांचा शिरस्ता आहे. जुन्या वहीची बाकी न काढता जो नवी वही पुजतो, त्याला पेठेत कोणी उधार माल देत नाही. मी पेठेतला माणूस नाही. दुसऱ्यांचे हिशेब तपासून चाळीस वर्षे पोट भरलेला एक निवृत्त लेखापरीक्षक आहे. परंतु या शिरस्त्याविषयी मला फार आदर आहे, आणि त्या आदरापोटीच चकल्या-करंज्यांच्या या दिवसांत मी वाचकांपुढे एक जुनी वही उघडणार आहे. कडुलिंब चैत्रातल्या पाडव्याला खातात, दिवाळीतल्या पाडव्याला नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ही वही बंद झाली ती २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी. घरोघरी घट बसत होते, वर्तमानपत्रांत साबण आणि मोटारी स्वस्त झाल्याच्या जाहिराती झळकत होत्या, आणि त्या आनंदाच्या गदारोळात पंधरा वर्षांचे एक खाते बाकी न काढता मिटले गेले. वही कोळशाची होती.

आधी ही वही कसली ते सांगतो. घराला घरपट्टी असते, पाण्याला पाणीपट्टी असते. तशी धुरालाही एक पट्टी असावी, या कल्पनेला जगात कार्बन-कर म्हणतात. मी तिला धूरपट्टी म्हणतो. कार्बन शब्द दिसला की घरातली माणसे पान उलटतात. धूर म्हटले की निदान डोळे तरी चोळतात! कल्पना काही आजची नाही. आर्थर पिगू नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ हा ग्रंथ लिहिला. कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा प्रश्न त्यात आहे. धूर कारखानदार सोडतो, नफा कारखानदार घेतो. पण काळवंडलेले कपडे धुवायचा साबण मात्र शेजारची बाई आपल्या पैशाने आणते. तो साबण मालाच्या किमतीत कुठेच धरलेला नसतो. ज्याने नुकसान केले त्याच्या किमतीत ते नुकसान कराच्या रूपाने घाला, म्हणजे तो आपोआप हात आखडेल, हे पिगूच्या विचाराचे सार. यात क्रांती नाही, समाजवाद नाही, काही नाही. साधी दुकानदारी आहे. ज्याने माल उचलला त्याने पैसे द्यावेत.

आम्हा विदर्भातल्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. चंद्रपूरला जमिनीखाली कोळसा आहे आणि जमिनीवर २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे दहा वाघिणी कोळसा जाळला की तीन-चार वाघिणी राख मागे उरते. वीज तारांवरून पश्चिमेकडे जाते. राख जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला शंभरापैकी ८३.८८ गुण पडले. परीक्षा प्रदूषणाची होती, त्यामुळे कोणी पेढे वाटले नाहीत. आता या कोळशाची किंमत पाहा. तीत खाणकामगाराची मजुरी आहे, आगगाडीचे भाडे आहे, सरकारची रॉयल्टी आहे, कंपनीचा नफा आहे. दमेकरी पोराच्या औषधाचा पंप तीत नाही. जो वायू वर जाऊन साऱ्या पृथ्वीला ताप चढवतो, त्याचाही एक पैसा तीत नाही. आणि टनभर देशी कोळशातून असा वायू सुमारे दीड टन निघतो. एक टनातून दीड टन कसा, असे विचारणाऱ्या चिकित्सकांसाठी सांगतो : कोळशातला कार्बन हवेतल्या प्राणवायूला कवटाळून वर जातो, तेव्हा वजन दोघांचे भरते.

ही पट्टी बसवून खरोखर काही होते का? होते. ज्या देशाने जगाला कोळसा जाळायला शिकवले त्या इंग्लंडकडेच पाहा. लंडनमध्ये होलबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ साली कोळशावरचे वीजघर सुरू झाले. २०१२ सालीदेखील ब्रिटनची सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाची होती. २०१३ पासून त्यांनी वीजघरांच्या इंधनावर स्वतःची धूरपट्टी बसवली. युरोपच्या बाजारात धुराचा जो परवाना विकत घ्यावा लागे, त्याच्या वर ही वेगळी. २०१५ पासून तिचा दर टनाला १८ पौंड झाला. वीजघरांच्या मालकांनी गणित केले, कोळसा महाग पडतो असे दिसले, आणि त्यांनी मुकाट्याने गॅस व वारा यांची वाट धरली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर येथील शेवटचे कोळशाचे वीज केंद्र बंद झाले. एकशेबेचाळीस वर्षांचा संसार मोडला तो उपदेशाने नव्हे, दराने! त्यांच्याकडे समुद्रातला गॅस होता, आपल्याकडे तो तितका नाही, हा फरक मी विसरत नाही. स्वीडनने तर १९९१ सालीच हा कर लावला, टनाला २५० क्रोनर. पुढे तो हजारावर नेला. त्यांचे उत्सर्जन १९९० च्या मानाने तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटले आणि अर्थव्यवस्था मात्र दीडपटीहून मोठी झाली. तेव्हा धूरपट्टी लावली की देश भिकेला लागतो, ही हाकाटी खोटी आहे. तिचे यश-अपयश दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरते, आणि ती गोष्ट म्हणजे गोळा झालेला पैसा जातो कुठे.

इथून आपली वही सुरू होते. २०१० सालच्या अर्थसंकल्पात त्या वेळचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनाला ५० रुपये उपकर घोषित केला आणि १ जुलै २०१० पासून तो अमलात आला. नाव ठेवले ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला. मी मनापासून आनंदलो होतो. गरीब म्हणवणाऱ्या देशाने कोणी न सांगता धुराची किंमत लावली, याचा अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट होती. पुढे सरकार बदलले, पण या बाबतीत धोरण बदलले नाही. २०१४ साली १०० रुपये झाले, २०१५ साली २००, २०१६ साली ४००. नावही अधिक भारदस्त झाले, ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’. सहा वर्षांत आठपट! इतक्या वेगाने आपल्याकडे फक्त सोनाराचा भाव चढतो.

आता जमाखर्च. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. ज्या निधीच्या नावाने ते घेतले त्या निधीकडे गेले २९,६४५ कोटी. आणि त्या निधीतून प्रत्यक्ष कामांना मिळाले १५,९११ कोटी. हे आकडे सरकारचेच आहेत; मी फक्त भागाकार केला. जनतेकडून स्वच्छ हवेसाठी एक रुपया घेतला, त्यातले चौतीस पैसे पेटीपर्यंत पोचले आणि अठरा पैसे कामाला लागले. उरलेले सर्वसाधारण तिजोरीत विरघळले. नोकरीत असताना एखाद्या सहकारी संस्थेच्या इमारत-निधीचे असे खाते माझ्यापुढे आले असते, तर शेरा लिहिताना माझी लेखणी फार सभ्य राहिली नसती. शिवाय आणखी एक मेख आहे. घटनेच्या २७० व्या कलमाप्रमाणे उपकराचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे लागत नाही, कारण ते एका ठरावीक कामासाठी घेतलेले असते. म्हणजे ठरावीक काम आहे म्हणून राज्यांना वाटा नाही, आणि काम तर झालेच नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती फाडायची आणि त्या पैशात घराला रंग काढायचा, यातला हा प्रकार झाला.

पुढचे पान अधिक मनोरंजक आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला आणि त्याच जागी, त्याच कोळशावर, त्याच ४०० रुपये दराने ‘भरपाई उपकर’ बसला. नव्या करपद्धतीत राज्यांचे जे उत्पन्न बुडेल ते भरून द्यायचे, हे त्याचे काम. स्वच्छ ऊर्जा निधी तिथेच संपला. पुढे महामारी आली. राज्यांची तूट भागवण्यासाठी केंद्राने २०२०-२१ मध्ये १.१० लाख कोटी आणि २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी रुपयांचे कर्ज काढले. ते फेडण्यासाठी भरपाई उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत लांबवली. राज्यांना त्यांचे पैसे मिळाले यात काही पाप नाही. त्यातून शिक्षकांचे पगार झाले असतील, दवाखान्यांत औषधे आली असतील. पण चंद्रपूर, कोरबा, सिंगरौली इथल्या धुराच्या नावाने बसवलेली पट्टी कर्जाच्या हप्त्याला जोडली गेली आणि धुराचे नाव मात्र कागदावरून पुसले गेले. धूर तेवढा राहिला.

माझी थोरली बहीण गेली पन्नास वर्षे घरखर्चाची वही लिहिते. दूधवाला, किराणा, वीज, नातवाची फी, सगळे पैशापैशाने. तिला मी एकदा ही पट्टी समजावून सांगितली, तेव्हा ती चष्मा पुसत म्हणाली, “अरे, मी भरली म्हणतोस, मग माझ्या वहीत का नाही?” तिने विजेची दहा वर्षांची बिले आणून माझ्यापुढे टाकली. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. सगळे आकार होते, धूर नव्हता. तेव्हा आम्ही दोघांनी बसून आकडेमोड केली. एक युनिट विजेला सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. टनाला चारशे रुपये म्हणजे किलोला चाळीस पैसे. युनिटला अठ्ठावीस पैसे. ताईकडे महिन्याला दीडशे युनिट जळतात, त्याचे झाले बेचाळीस रुपये. सगळीच वीज कोळशाची नसते, म्हणून तीस धरू. वर्षाचे तीनशे साठ. २०१६ च्या मार्चपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत साडेनऊ वर्षे. म्हणजे तीन हजार चारशेच्या वर. तिने ती रक्कम वहीत शेवटच्या पानावर लिहिली आणि पुढे ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा ठेवला.

ताईला ते तीस रुपये जाणवले नाहीत, हीच या पट्टीची लबाडी आणि हेच तिचे अपयश. जो कर दिसत नाही तो माणसाची सवय बदलीत नाही. वीज केंद्राने उपकर भरला आणि तो दरात मिसळून पुढे ढकलला. केंद्राला झळ नाही, ग्राहकाला पत्ता नाही. कोळशाचा खप या पंधरा वर्षांत वाढतच गेला. सौर वीज स्वस्त झाली हे खरे, राजस्थानात भाडला येथे २०१७ साली ती लिलावात २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरली. पण ती मुख्यतः जगभर सौर तावदाने स्वस्त झाल्यामुळे. आपल्या धूरपट्टीने त्यात उचललेला वाटा खारीचा, आणि खारीलाही निम्म्याहून अधिक वाळू वाटेत कोणी काढून घेतलेली.

कोणी म्हणेल, बरे झाले दिसत नव्हती. दिसली असती तर लोक रस्त्यावर आले असते. फ्रान्सचे उदाहरण देतात. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी तिथे पिवळी जाकिटे घातलेली माणसे चौकाचौकांत उभी राहिली, डिझेलवरच्या वाढत्या कराविरुद्ध. खेड्यात राहणारा, तीस-चाळीस किलोमीटरवर कामाला जाणारा माणूस डिझेल जाळणार नाही तर काय घोड्यावर जाणार? आणि त्याच वर्षी सरकारने श्रीमंतांवरचा संपत्ती-कर जवळजवळ मोडीत काढला होता. हवेचे नाव सांगून गरिबाचा खिसा आणि उद्योगाचे नाव सांगून श्रीमंताला सूट, हे ज्याला समजत नाही असा शेतकरी ना फ्रान्समध्ये आहे, ना यवतमाळमध्ये. डिसेंबरात सरकारने पुढची वाढ मागे घेतली आणि दर टनाला ४४.६० युरोवर थिजला. लोक धूरपट्टीवर चिडले नव्हते. ते हिशेबावर चिडले होते.

मग पैसे परत केले तर? कॅनडाने तेही करून पाहिले. ताईचा मुलगा टोरांटोजवळ राहतो, त्यामुळे हे प्रकरण मला घरचे वाटते. तिथे २०१९ पासून इंधनावर टनाला २० डॉलर पट्टी बसली आणि ती वाढत २०२४ साली ८० डॉलर झाली. जमलेल्या रकमेतला सुमारे नव्वद टक्के भाग कुटुंबांना परत जाई. ओंटारिओतल्या चौघांच्या कुटुंबाला २०२४-२५ साली वर्षाचे १,१२० डॉलर, तिमाहीला २८०. गरीब कुटुंब कमी जाळते आणि परतावा सर्वांना सारखा, तेव्हा बहुतेक घरे पट्टीत जितके भरत त्याहून जास्त परत मिळवीत. इतका सरळ कर जगात विरळा. आणि तरी १ एप्रिल २०२५ पासून तो सामान्य ग्राहकापुरता बंद झाला, कारखान्यांवरचा राहिला. का? भाच्याने मला सांगितले, “मामा, ते पैसे बँकेत यायचे, पण कसले येतात हे मला पहिलं वर्षभर कळलंच नव्हतं. पेट्रोलचा भाव मात्र रोज रस्त्यावर भल्यामोठ्या पाटीवर दिसायचा.” पैसे घेताना ढोल आणि देताना कुजबुज! त्या परताव्याला सगळ्यांना समजेल असे नाव द्यायला सरकारला २०२४ साल उजाडावे लागले. तोवर विरोधकांची ‘करावर कुऱ्हाड’ ही घोषणा घरोघरी पाठ झाली होती.

तेव्हा तीन देश, तीन तऱ्हा. एकाने पैसा तिजोरीत घातला आणि दंगा ओढवला. एकाने परत दिला पण तोंड उघडले नाही. आणि आपण घेतल्याचेही सांगितले नाही, कुठे गेला तेही सांगितले नाही, म्हणून दंगाही झाला नाही. आमच्या अर्थशास्त्र्यांना हे तिसरे फार शहाणपणाचे वाटते. मला ते सर्वांत वाईट वाटते.

आमचे एक स्नेही आहेत, पोलादाच्या व्यापारात केस पिकलेले. दिवाळीला दरवर्षी फराळाला येतात आणि दरवर्षी माझ्याशी भांडून जातात. त्यांचे म्हणणे असे : “अहो, हा सगळा गोऱ्यांचा डाव आहे. दोनशे वर्षं त्यांनी जाळलं, आणि आता आपली पाळी आली तर पट्टी!” त्यांच्या म्हणण्यात निम्मे सत्य आहे, आणि निम्म्या सत्याला उत्तर देणे नेहमीच जड जाते. भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन वायू सोडतो, अमेरिकन सुमारे चौदा. जुने पाप कोणाचे, याविषयी वाद नाही. पण युरोपची ‘सीमेवरची धूरपट्टी’ १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे अमलात आली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असा माल युरोपात नेताना तो बनवताना किती धूर झाला याचा हिशेब आणि त्याचे पैसे आता आयातदाराला द्यावे लागतात. हा अन्याय आहे असे आपण जागतिक व्यासपीठांवर म्हणावे, जरूर म्हणावे. मात्र त्या नियमात एक कलम आहे : माल ज्या देशात बनला तिथे धुराची किंमत आधीच भरली असेल तर तेवढी वजा होते. म्हणजे आपल्या भट्टीच्या धुराचा पैसा कोणीतरी घेणारच. प्रश्न एवढाच की तो नागपूर-दिल्लीत जमा व्हावा की ब्रुसेल्समध्ये. स्नेह्यांना मी हे विचारले. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि “ते बघावं लागेल” असे म्हणाले. एवढी माघार त्यांनी वीस वर्षांत घेतलेली नाही.

आणि नेमक्या याच वेळी आपण काय केले? २२ सप्टेंबर २०२५ रोजी कोळशावरचा टनाला ४०० रुपयांचा उपकर काढून टाकला आणि वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. सरकारी पत्रकाप्रमाणे वीज केंद्रांच्या कोळशावरचा भार सरासरी टनाला २६० रुपयांनी हलका झाला आणि वीजनिर्मिती युनिटमागे १७-१८ पैशांनी स्वस्त. स्वस्ताई कोणाला नको? परंतु यातली खोच लेखापरीक्षकाच्या डोळ्यालाच दिसते. पूर्वीची पट्टी वजनावर होती. नवी किमतीवर आहे. हलका कोळसा स्वस्त असतो, त्यात राख जास्त, आणि तेवढीच उष्णता काढायला तो जास्त जाळावा लागतो. सरकारचेच आकडे पाहा : हलक्या ‘जी-११’ प्रतीच्या कोळशावर सगळे मिळून करांचे ओझे ६५.८५ टक्के होते आणि उंची ‘जी-२’ प्रतीवर ३५.६४ टक्के, आता सर्वांवर सारखे ३९.८१. म्हणजे ज्या कोळशाची राख जास्त त्याला मोठी सवलत मिळाली, आणि ज्याची कमी त्याचे ओझे वाढले. पत्रकात याला ‘सुसूत्रीकरण’ म्हटले आहे. तमाशाच्या फडात आणि देवळाच्या गाभाऱ्यात तिकिटाचा दर सारखा केला तर त्यालाही सुसूत्रीकरण म्हणता येईल.

वजनावरची पट्टी तरी कार्बनवरची नव्हती, हे मी जाणतो. तरी तिला धुराशी काही नाते होते. नव्या कराला धुराशी नातेच नाही. तो साबणावर असतो तसा कोळशावर आहे. धुराचे काम यापुढे कार्बन-पतबाजार करील, असे सांगतात. २०२३ साली त्याची योजना निघाली आणि २०२५ साली ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद अशा उद्योगांना लक्ष्ये ठरवून दिली. चांगली गोष्ट आहे. पण देशात सर्वांत जास्त कोळसा जाळणारी औष्णिक वीज केंद्रे त्या यादीत नव्हती. घरात साप आहे असे कळल्यावर उंदरांची मोजदाद सुरू करावी, तशातला हा प्रकार.

आता माझे म्हणणे. धूरपट्टी पुन्हा बसवा, कोळशातल्या कार्बनवर बसवा, आणि दर लपवू नका. विजेच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार यांच्या खाली ‘धूर आकार’ अशी सरळ ओळ छापा. देशात वर्षाला शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा निघतो. टनाला जुनेच ४०० रुपये धरले, तरी वर्षाचे चाळीस हजार कोटी झाले. देशात तीस कोटी कुटुंबे धरली आणि सगळा पैसा सारखा वाटला, तर घरटी तेराशे रुपयांवर येतात. ताईच्या घराने विजेतून भरले तीनशे साठ. सिमेंट, पोलाद आणि मालवाहतूक यांतून आडवाटेने आणखी तेवढेच गेले असे समजा. तरी तिच्या वहीत जमेची बाजू मोठी राहते. ज्याच्या बंगल्यात चार वातानुकूलित खोल्या आहेत त्याला तोटा होईल. व्हायलाच हवा, कर त्यासाठीच आहे.

मात्र सगळा पैसा वाटून टाका असेही मी म्हणत नाही. रुपयातले दहा आणे घरांना द्यावेत आणि सहा आणे, ज्यांच्या डोक्यावर राख पडते त्या जिल्ह्यांना. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती करून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आहेत. खाणीच्या रॉयल्टीच्या प्रमाणात ठरलेली रक्कम तिथे जाते. त्या पैशाचेही कुठे कुठे कुंपण आणि कमानी होतात, हे खरे, पण जिल्ह्याचा पैसा जिल्ह्यात दिसतो आणि गावातला माणूस बोट दाखवून विचारू शकतो. धुराच्या पैशालाही तीच वाट हवी : श्वसनरोगाचा दवाखाना, राखेच्या तलावांची बंदिस्ती, आणि खाण संपल्यावर रिकाम्या हाताने उभे राहणाऱ्या तरुणांना दुसरे काम. चंद्रपूर, वणी, धनबाद, कोरबा इथली एक पिढी कोळशावर जगली आहे. तिला उद्यापासून सौर तावदाने पुसा म्हणणे सोपे आहे, आणि बहुतेक ती तावदाने शेकडो मैल दूर राजस्थानात लागलेली असतात.

आणि परतावा वर्षातून एकदाच द्यावा, बँकेत, स्पष्ट नाव लिहून, दिवाळीच्या आठवड्यात. कॅनडासारखा तिमाहीला नको, कुजबुजत तर नकोच. सोबत प्रत्येक घराला एक पोस्टकार्ड यावे : तुम्ही सुमारे एवढे भरलेत, तुम्हाला एवढे परत आले, आणि तुमच्या जिल्ह्यात या कामांवर एवढे खर्च झाले. पोस्टकार्डाचा खर्च जास्त होईल, असा आक्षेप एका विद्वान मित्राने घेतला. मी त्यांना ८६,४४० कोटींतून १५,९११ वजा करून दाखवले. उरतात ७०,५२९ कोटी. तीस कोटी पोस्टकार्डे, एकेक दहा रुपयांचे धरले तरी, तीनशे कोटींत होतात.